म्यानाची साक्ष

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघाले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी गावे ओळीने येतात आणि बदलापूरला लागून खरवईची औद्योगिक वसाहत आहे. या सगळ्या पट्ट्याच्या आजच्या रूपाचा पाया दुसऱ्या महायुद्धात घातला गेला. उल्हास नदीच्या काठी ब्रिटिशांनी सैन्यासाठी ‘कल्याण कॅम्प’ उभारला. युद्ध संपल्यावर रिकाम्या पडलेल्या त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. शेजारच्या अंबरनाथला १९५३ साली संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना उभा राहिला. युद्धाने आणि त्याच्या पाठोपाठच्या वर्षांनी इथे मागे ठेवलेल्या या खुणा रोज डोळ्यांसमोर असतात, म्हणून त्यांचे कोणाला काही वाटत नाही. त्याच युद्धाची आणखी एक खूण मात्र कपाटांत, पलटणींच्या मेसमध्ये आणि संग्राहकांच्या घरी बंद आहे. ती म्हणजे जपानी सैन्याच्या तलवारी. त्या हाती आल्या की बहुतेकांची पहिली हालचाल ठरलेली असते. तलवार उपसायची, म्यान बाजूला ठेवायचे आणि पाते उजेडात धरायचे. पाते जुने की नवे, हाताने घडवलेले की कारखान्यातले, एवढेच विचारले जाते. ही सवय इतिहासाच्या अभ्यासाला मारक आहे, असे मला वाटते. पाते कोणी व कुठे घडवले हे पात्यावरून कळते. पण ती तलवार कोणत्या काळात, कोणत्या दर्जाच्या माणसाने, कोणत्या परिस्थितीत कमरेला लावली, याचा पुरावा म्यानावर आणि त्याच्या कड्या, पट्ट्या, टोपण यांवर असतो. आणि ही गोष्ट जपानी तलवारींइतकीच आपल्या मराठी तलवारींनाही लागू आहे.

या तलवारी भारतीय हातांत आल्या कशा, ते आधी पाहू. जपानने शरणागती पत्करल्यावर तलवारी स्वीकारण्याचा जुनाट समारंभ करू नये, असे जनरल मॅकआर्थरचे धोरण होते. आग्नेय आशियात माउंटबॅटनने ते मानले नाही. जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी सर्वांसमक्ष, आपल्याच सैनिकांच्या देखत हवाली कराव्यात, असा चौदाव्या सैन्याचा आधीचा सेनापती स्लिम याचाही आग्रह होता. जपानी जनरल किमुराची तलवार पुढे आपल्या घरी चुलाण्यावरच्या फळीवर आहे, हे स्लिमनेच लिहून ठेवले आहे. १२ सप्टेंबर १९४५ला सिंगापूरची शरणागती झाली, ३० नोव्हेंबरला सायगावला फील्ड मार्शल तेराउचीने माउंटबॅटनच्या हाती दोन तलवारी दिल्या. मलाया, ब्रह्मदेश, जावा अशा ठिकाणी शेकडो लहान समारंभ झाले आणि तलवारींचे ढीग जमले. या ढिगांपाशी मराठी माणूस होता. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी लढली. चौथी आणि सहावी अशा दोन्ही पलटणी ४९व्या ब्रिगेडबरोबर १९४५च्या ऑक्टोबरात जावातल्या सुराबायाला उतरल्या. ३० ऑक्टोबरला याच ब्रिगेडचा प्रमुख मॅलबी तिथे मारला गेला. इटलीत लढलेली पहिली पलटण तर १९४६ साली थेट जपानला गेली. ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखालच्या २६८व्या ब्रिगेडमध्ये ती होती आणि ब्रिटिश-इंडियन डिव्हिजनकडे शिमाने, तोत्तोरी, ओकायामा या प्रांतांचा ताबा होता. ओकायामातले ओसाफुने हे जपानच्या सर्वांत नावाजलेल्या तलवार घडवणाऱ्यांचे गाव. शिमानेच्या डोंगरांत लोहवाळूपासून तलवारीचे पोलाद काढणाऱ्या भट्ट्यांची परंपरा होती. तिथल्या योकोता भागात १९३३ साली पुन्हा पेटवलेली भट्टी खास लष्करी तलवारींसाठी १९४५पर्यंत चालली. कोकण-देशावरचा शिपाई जिथे पहारा देत होता, तिथलीच माती त्या तलवारींत होती.

आता या तलवारींची घडण. १८७६ साली मेजी सरकारने सामुराईंना रस्त्यावर तलवार बाळगण्याची बंदी केली आणि सैन्याला युरोपीय धाटणीच्या, बोटांवर कमान असलेल्या मुठीच्या तलवारी दिल्या. पुढे राष्ट्रवादाची लाट चढली आणि १९३४ साली अधिकाऱ्यांसाठी जुन्या ‘ताची’ तलवारीच्या वळणाचा नमुना आला. जपानी शकाप्रमाणे त्याला चौऱ्याण्णव म्हणतात. १९३८चा अठ्ठ्याण्णव नमुना त्याचाच थोडा साधा अवतार. १९३५चा पंच्याण्णव नमुना सार्जंट वगैरे हुद्द्यांसाठी होता. या दोन वर्गांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही, कारण तो बारगीर आणि शिलेदार यांच्यातलाच आहे. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार आपले आणी. जपानी सार्जंटला तलवार सरकारी शस्त्रागारातून मिळे. अधिकारी स्वतःच्या पैशाने विकत घेई, बहुधा ‘काइकोशा’ या अधिकाऱ्यांच्या संस्थेच्या दुकानातून. घरात वाडवडिलांचे जुने पाते असेल तर तेच लष्करी साजात बसवून घेई. म्हणून सरकारी तलवारीच्या म्यानावर आकडा असतो आणि पात्यावरही तोच आकडा असतो. अधिकाऱ्याच्या तलवारीत मात्र हजार तऱ्हा दिसतात. नियमाने जेवढे सांगितले तेवढे सारखे, बाकी ज्याच्या त्याच्या खिशावर, घराण्यावर आणि हौसेवर.

अठ्ठ्याण्णव नमुन्याचे एक साधे म्यान डोळ्यांसमोर आणा. बाहेरून पोलादी पत्र्याची बाकदार नळी, तिच्यावर मातकट तपकिरी रंग. आत लाकडाचे अस्तर, पात्याच्या बाकाला जुळवून कोरलेले. तोंडाशी पितळी मोहनाल, तिच्या दोन अंगांना दोन बारीक स्क्रू. हे स्क्रू काढले की मोहनाल सुटते आणि अस्तर बाहेर येते. खाली एक पट्टी, तिला कडी. त्याखाली एक-दोन शोभेच्या पट्ट्या आणि टोकाला तहनाल, सगळ्यांवर चेरीच्या फुलांचे नक्षीकाम. मुठीजवळ एक दाबाची खटकी असते. ती दाबल्याशिवाय तलवार निघत नाही आणि तिचे टोक मोहनालीच्या खाचेत बसते. आता बारकावे. मुठीखालच्या तबकडीवर आणि तिच्यालगतच्या पातळ चकत्यांवर बरेचदा एकच जुळणीचा आकडा ठोकलेला असतो, कधी तो मोहनालीवरही सापडतो. सगळीकडे तोच आकडा असेल तर हा साज एका वेळी, एका हाताने, एका तलवारीसाठी जुळवला असे म्हणता येते. १९३४च्या नमुन्याला दोन कड्या होत्या. खालची समारंभापुरती, काढता येणारी. १९३८च्या नमुन्यात ती गेली. एखाद्या म्यानावर दुसऱ्या पट्टीच्या जागी रंगाची रेघ उजळ राहिलेली दिसली, तर कडी मागाहून उतरवल्याचे कळते आणि तलवार जुन्या नमुन्याची ठरते. खटकीची खाच झिजून गोल झाली असेल तर ती तलवार खूप वेळा उपसली गेली आहे. कडीच्या आतल्या बाजूला एकाच अंगाने घासल्याची खूण असेल तर ती वर्षानुवर्षे कमरेला लटकली आहे. पात्यावर यातले काहीच लिहिलेले नसते. पाते पुन्हा पुन्हा पुसले जाते, घासले जाते, त्याला झिलई दिली जाते. त्याच्या मागच्या आयुष्याच्या खुणा जाणीवपूर्वक मिटवल्या जातात. म्यानाकडे तितके लक्ष कोणी देत नाही, म्हणून त्यावरच्या खुणा टिकतात.

वेगळ्या वाटणाऱ्या म्यानांकडे वळले की हा मुद्दा आणखी ठसतो. काही म्याने लाकडी असतात, वर चामड्याचे आवरण आणि एकच कडी. सहसा घरची जुनी तलवार रणांगणावर नेताना तिच्या रोगणी म्यानावरच हे चामडे चढवलेले असते. त्यामुळे रोगण जपले जाते, पत्र्याचा आवाज होत नाही आणि वजनही कमी होते. चामड्याची शिवण उसवायची गरज नाही, तोंडाशी डोकावले तरी आतले काळे किंवा तांबूस रोगण दिसू शकते. नौदलाच्या तलवारींना दोन कड्या आणि काळे रोगणी म्यान, काही म्यानांवर मुशीसारख्या माशाचे खरबरीत कातडे. युद्धाच्या शेवटच्या काळात तर साहित्याची चणचण थेट साजावर उतरली. सार्जंटच्या तलवारीची मूठ आधी तांब्याची ओतीव होती, मग अॅल्युमिनियमची झाली, आणि शेवटी साध्या लाकडाची, वर आडव्या-उभ्या चिरा. म्यानही पोलादाचे होते ते लाकडाचे झाले. जपानला पोलाद, तांबे आणि अॅल्युमिनियम कधी कमी पडू लागले, याचा आलेख या साजावरून मांडता येतो. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते एका गैरसमजाचे उदाहरण. काळसर लोखंडी, नक्षी नसलेल्या पट्ट्यांच्या, रोगण दिलेल्या मुठीच्या काही तलवारी संग्राहकांना आढळल्या. नेहमीच्या साजापेक्षा त्या इतक्या वेगळ्या होत्या, की बरीच वर्षे त्या नौदलाच्या जमिनीवर उतरणाऱ्या दलाच्या समजल्या गेल्या. मग त्या १९४४च्या, म्हणजे अगदी शेवटच्या काळातल्या ठरवल्या गेल्या. पुढे जपानी कागदपत्रे आणि तारखा कोरलेली पाती एकत्र पाहिल्यावर तो भूसैन्याचाच, १९३८ ते १९४०च्या सुमारास चीनमधल्या लढाईच्या अनुभवातून आलेला अधिक मजबूत नमुना असल्याचे दिसून आले. साधेपणा म्हणजे दारिद्र्य, असा सरळ अर्थ लावल्यामुळे ही चूक झाली होती. त्या लोखंडी पट्ट्या टंचाईतून आल्या नव्हत्या, टिकाऊपणासाठी आल्या होत्या, आणि हे साजाच्या काटेकोर नोंदी ठेवल्यामुळेच उलगडले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. म्यान बदलता येते. शरणागतीच्या ढिगात, मेसच्या भिंतीवर, व्यापाऱ्याच्या टेबलावर या तलवारीचे म्यान त्या तलवारीला लागले असेल. पाते मात्र पातेच राहते. मग अशा बेभरवशाच्या वस्तूला पुराव्यात पहिले स्थान का द्यायचे? उत्तर असे, की बदल झाला असेल तर तोही तपासता येतो, आणि बहुतेकदा तो लपत नाही. लाकडी अस्तर एका पात्याच्या बाकासाठी कोरलेले असते. परके पाते त्यात खडखडते किंवा अडकते. आतल्या लाकडावर धारेची रेघ जिथे उमटली आहे, ती या पात्याच्या बाकाशी जुळते का, हे पाहता येते. खटकी आणि खाच एकमेकींना लागतात का, सार्जंटच्या तलवारीवरचे दोन्ही आकडे एक आहेत का, हेही दिसते. ज्यांना असे म्यान वाचता येईल ती माणसे आपल्यात आहेतच. खरवईत किंवा अंबरनाथच्या गाळ्यांत जो प्रेसवर पत्रा वळवतो, ब्रेझिंग करतो, प्लेटिंगच्या टाकीपाशी उभा राहतो, त्याला पत्र्याची नळी एका शिवणीची की दोन, टाका पितळेचा की वेल्डिंगचा, रंग भट्टीत भाजलेला की हाताने फासलेला, हे क्षणात कळेल. आज परदेशी बाजारात या तलवारींच्या नकला भरपूर आहेत. नक्कल करणारा पात्यावर मेहनत घेतो. मोहनालीच्या आतल्या बाजूला, कडीच्या टाक्यापाशी, स्क्रूच्या आट्यांत तो फसतो, कारण ग्राहक तिथे बघत नाही हे त्याला ठाऊक असते. दुसरे असे, की नंतर लागलेले म्यानसुद्धा खोटे नसते. सुराबायात जपान्यांची हत्यारे इंडोनेशियन तरुणांच्या हाती पडली आणि तेच तरुण त्या तलवारी कमरेला लावून आधी ब्रिटिश-भारतीय सैन्याशी आणि मग डचांशी लढले. अशा एखाद्या तलवारीवर स्थानिक सुताराने केलेले म्यान असेल, तर ‘अस्सल नाही’ म्हणून ते काढून टाकणारा संग्राहक जावाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पुरावा कचऱ्यात टाकतो. म्यान कोणत्या काळाबद्दल बोलते, एवढे भान मात्र ठेवले पाहिजे. ते स्वतःच्या काळाबद्दल बोलते, पाते घडवल्याच्या काळाबद्दल नाही.

हेच भान आपल्या तलवारींबाबत सुटते, म्हणून मी इतका आग्रह धरतो. मराठ्यांच्या नावाजलेल्या तलवारींची पाती बरीचशी परदेशी आहेत. पोर्तुगीज, स्पॅनिश, जर्मन, इटालियन बंदरांतून लांब सरळ पाती इथे येत, इथले कारागीर त्यांना मूठ लावत, जिनगर चामडे चढवत, आणि तयार होई ती फिरंग किंवा धोप. २०२५च्या एप्रिलात लंडनच्या सदबीजच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने विकत घेतलेल्या आणि ऑगस्टात मुंबईला आलेल्या नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या तलवारीचे पाते युरोपीय आहे. तिच्यावरच्या देवनागरी लेखात सेनासाहेब सुभा या पदवीबरोबर ‘फिरंग’ हा शब्दही आहे. सातारच्या जलमंदिरातल्या तलवारीवर शाहूमहाराजांच्या नावाचा लेख आहे. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजीमहाराजांनी १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेल्या, आता ब्रिटिश राजसंग्रहात असलेल्या तलवारीच्या पात्यावर ‘आयएचएस’ ही ख्रिस्ती अक्षरे आहेत. या तलवारींवर वाद झडतात तेव्हा सगळा भर पात्यावर असतो. पण पाते तर सोलिंगेनच्या किंवा तोलेदोच्या लोहाराचे! तिथून ते मराठी दौलतीपर्यंत कसे आले, कधी मराठी झाले, याचे उत्तर पात्याच्या पोलादात मिळणार नाही. ते मुठीत, लेखात, पडदळ्याच्या कड्यांत आणि म्यानाच्या मोहनाल-तहनालीत शोधावे लागेल. ओसाफुनेचे चारशे वर्षांचे पाते १९३८च्या पत्र्याच्या म्यानात बसले, तसेच युरोपचे पाते सातार-नागपूरच्या मखमलीत बसले. दोन्हीकडे तलवारीचे राष्ट्रीयत्व साजाने ठरवले.

म्यानाची साक्ष कुठे पुरते आणि कुठे थांबते, याचे सर्वांत बोलके उदाहरण तलवारीचे नाही, वाघनखांचे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४च्या जुलैत सातारला प्रदर्शनासाठी आलेली वाघनखे शिवछत्रपतींची, असे म्हणायला वस्तूवर एकही खूण नाही. जो काही दावा आहे तो त्यांच्या पेटीवर आहे. ही पेटी स्कॉटलंडमध्ये बनलेली. ही वाघनखे शिवाजीची असून सातारचा रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफला पेशव्यांच्या दिवाणाकडून मिळाली, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. संग्रहालयानेही हीच ती वाघनखे असे सिद्ध करता येत नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे पेटीकडून आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या एका स्कॉटिश घराची ठाम समजूत कळते, आणि ती साक्ष त्या शतकापुरती पक्की आहे. १६५९च्या प्रतापगडाबद्दल ती पेटी काही सांगू शकत नाही. भक्तीपोटी तिला त्यापलीकडचे बोलायला लावणे जितके चूक, तितकेच ‘पेटी काय, नंतरची’ म्हणून ती बाजूला सारणेही चूक. पेटी नसती तर ती हजारो वाघनखांतली एक ठरली असती.

दुसरा आक्षेप संग्रहालयांत काम करणाऱ्यांचा आहे आणि तो व्यवहाराचा आहे. लाकूड आणि चामडे दमट हवेत ओल धरतात, चामड्यातली आम्ले पोलादाला गंज चढवतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तलवार म्यानात ठेवली तर चार महिन्यांत पात्यावर तांबेरा दिसतो. म्हणून पाते वेगळे, म्यान वेगळे ठेवावे लागते. हे मला पूर्ण मान्य आहे. अडचण वेगळे ठेवण्यात नाही, वेगळे नोंदवण्यात आहे. पात्याला एक क्रमांक, म्यानाला दुसरा, मूठ तिसऱ्या कपाटात, आणि वीस वर्षांनी कोण कोणाचे हे सांगणारा कर्मचारी निवृत्त. एका तलवारीच्या सगळ्या भागांना एकच क्रमांक, त्याला अ-ब-क अशी जोड, आणि वेगळे करण्याआधी एकत्र असतानाची छायाचित्रे, एवढे केले तरी पुष्कळ वाचेल. घरांमध्ये वेगळेच घडते. खंडेनवमीला देव्हाऱ्यातून तलवार निघते, शस्त्रपूजा होते, आणि कित्येक घरांत जुने, विटलेले म्यान नको म्हणून त्यावर नवी लाल मखमल चढते. श्रद्धेने केलेले हे काम आहे आणि त्यात गैर काही नाही. पण जुनी मखमल फाडताना तिच्याखालच्या फळ्यांचे लाकूड, जुन्या कापडाचे थर, तहनालीच्या खिळ्यांची भोके हे सगळे त्याच दिवशी जाते. वरचा थर उतरवण्याआधी फोनवर चार छायाचित्रे काढली आणि जुन्या कापडाचा एक तुकडा पाकिटात तारीख घालून ठेवला, तर पुढच्या अभ्यासकाला घराण्याचा दोनशे वर्षांचा हिशेब लागू शकतो.

तिसरा आक्षेप मनाला भिडणारा आहे. या जपानी तलवारींनी काय केले हे ठाऊक असताना त्यांच्या कड्या-पट्ट्यांचा इतका बारीक अभ्यास करणे म्हणजे अत्याचाराच्या हत्याराला दागिना मानणे नाही का? २४ ऑक्टोबर १९४३ला न्यू गिनीतल्या आइतापेला लेनर्ड सिफ्लीट या ऑस्ट्रेलियन कैद्याचा शिरच्छेद करतानाचे छायाचित्र जगभर छापले गेले आहे, आणि त्यात हातात आहे ती अशीच लष्करी तलवार. सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या हजारो भारतीय सैनिकांना मजुरीसाठी न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनला नेले गेले. त्यांतले असंख्य तिथेच मेले, काहींची हत्या झाली. अंदमानात ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंजला ४४ भारतीयांना जपान्यांनी गोळ्या घातल्या. हे विसरून या तलवारींकडे पाहणारा अभ्यास मला नको आहे. पण विसर कशाने पडतो, हे पाहिले पाहिजे. लष्करी साज उतरवून, पाते पांढऱ्या लाकडी म्यानात घालून, ‘सोळाव्या शतकातली कलाकृती’ म्हणून विकले की १९४२ ते १९४५ ही वर्षे पुसली जातात. ते पाते पुन्हा निष्पाप होते. तपकिरी पत्र्याचे म्यान, मुठीला अडकवलेला हुद्द्याच्या रंगांचा गोंडा, शरणागतीच्या वेळी बांधलेली मालकाच्या नावाची चिठ्ठी, हे सगळे तलवारीला तिच्या युद्धाशी बांधून ठेवते. त्या गोंड्यात तपकिरीबरोबर निळा असेल तर कनिष्ठ अधिकारी, लाल असेल तर मेजर ते कर्नल, आणि त्यात सोनेरी असेल तर जनरल. कोणत्या हुद्द्याच्या माणसाच्या कमरेला ते हत्यार होते, याचा जबाब म्हणून मला तो साज जागच्या जागी हवा आहे.

जपानचा कायदाही, वेगळ्या कारणांनी का होईना, साजाच्या विरोधात गेला. १९५८च्या शस्त्रकायद्याप्रमाणे तिथे पारंपरिक पद्धतीने घडवलेली तलवारच कलावस्तू म्हणून नोंदवता येते. कारखान्यात यंत्राने केलेली लष्करी तलवार बाळगता येत नाही, ती सापडली तर नष्ट केली जाते. जी पाती नोंदवली गेली त्यांचा लष्करी साज बरेचदा काढून टाकला गेला. म्हणून या साजाच्या अभ्यासाचा मोठा भाग जपानबाहेर झाला. रिचर्ड फुलर आणि रॉन ग्रेगरी यांचे १९८६चे पुस्तक आणि जिम डॉसनचा पुढचा मोठा ग्रंथ, दोन्ही इंग्रजीत. ज्या सैन्याने या तलवारी शरणागतीत स्वीकारल्या त्याचा फार मोठा भाग भारतीय होता. तरी या विषयावर आपल्या भाषेत सलग काम नाही, आणि ही उणीव पलटणींच्या मेसमधल्या, संग्रहालयांच्या मागच्या खोल्यांतल्या तलवारींपासून भरून काढता येईल. एक एक तलवार घ्यावी. तिच्या मोहनालीपासून तहनालीपर्यंतची लांबी, कड्या किती व कुठे, आकडे कुठे ठोकलेले, अस्तराचे लाकूड कसले, रंगाचे थर किती, चिठ्ठी असेल तर तिचे वाचन, आणि ती कोणत्या पलटणीबरोबर कुठून आली, हे मराठीत लिहून काढावे. यातले फारसे काम पाते उपसल्याशिवाय अडत नाही.

आपला कायदाही पात्याचाच विचार करतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या कक्षेत तलवार येते, म्हणून घरात अशी तलवार असेल तर परवान्याची स्थिती पोलिसांकडून आधी समजून घेणे भाग आहे. पुरावस्तूंचा १९७२चा कायदा शंभर वर्षे पुऱ्या झालेल्या वस्तूला पुरावस्तू मानतो. त्यामुळे १९३८च्या साजात सोळाव्या शतकातले पाते असेल, तर पाते आज पुरावस्तू आहे आणि त्याचे म्यान, मूठ, कड्या नाहीत. तो साज उतरवून कोणी भंगारात घातला तर कायदा अडवणार नाही. चौऱ्याण्णव नमुन्याच्या पहिल्या म्यानांना शंभर वर्षे २०३४ साली होतील, अठ्ठ्याण्णवला २०३८ साली, आणि युद्धाच्या अखेरच्या लाकडी म्यानांना, म्हणजे त्यांतल्या सर्वांत लवकर कुजणाऱ्यांना, २०४५ साली. तोवर ती ज्यांच्या ताब्यात आहेत त्या पलटणी, संग्रहालये आणि घरे जेवढे लिहून ठेवतील, तेवढाच त्यांचा इतिहास उरेल.